चिमटीचं वजन किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर अर्धं पान लेख आला. सांगलीच्या पेपरात क्लाऊनफिशचा रंगीत फोटो बघून बरं वाटलं, कारण या गावात हा नाद असलेली माणसं मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. पण लेखाच्या शेवटी ‘केसाळ शेवाळाचा त्रास?’ अशी एक चौकट होती आणि तिच्यात तीन उपाय दिले होते. टाकी तीन दिवस काळोखात ठेवा. नाही गेलं तर बुरशीवरच्या गोळ्या टाका. तरीही नाही गेलं तर सगळं पाणी बदला. हे तिन्ही उपाय मी केलेत आणि तिन्हींचे पैसे मोजलेत, म्हणून हे पत्र. लांबलंय खरं. कापायचं तर कापा, पण खाद्याच्या आकड्यांचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

मी या विषयातला जाणकार नव्हे. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात चौतीस वर्षं दिवाणजी होतो. रोजमेळ, खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हे माझं काम. टाकी माझी नव्हेच, मुलाची. त्यानं २०१६ साली आमच्या गावभागातल्या घराच्या माडीवर ती मांडली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी. दगड आणि वाळूची जागा वजा जाता पाणी बसतं २२० लिटरच्या आसपास. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाऊ, तो माडीवर कशाला चढवायचा, असं मी तेव्हा त्याला म्हणालो होतो. तो हसला आणि मीठ कालवत बसला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची खूण ४५ ची. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागला बहिणीकडे गेलो आणि परतलो ते दहाव्या दिवशी. खाली गुडघाभर गाळ. पाणी माडीपर्यंत चढलं नव्हतं, टाकीला ओरखडाही नव्हता, पण वीज नव्हती. पंप थांबले की अशी टाकी एखाद-दुसरा दिवस कशीबशी निघते, पुढं पाण्यातला प्राणवायू संपतो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर असा वास आला की आमच्या सौ. तिथूनच मागं फिरल्या. मासे तर गेलेच, पण दगडांच्या भोकाभोकांत राहणारे किडे, स्पंज, जीवाणू सगळे मेले आणि जागच्या जागी कुजले. मुलानं दगड टाकून द्यायला काढले होते. मीच म्हणालो, एवढ्या पैशांचे दगड, राहू देत. ते कांद्याच्या दोन पोत्यांत भरून गच्चीवर जिन्याच्या खोलीमागं ठेवले. ही पोती या पत्रात पुन्हा येणार आहेत.

पुढच्या वर्षी मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. टाकी राहिली. मी २०२१ ला निवृत्त झालो, हात रिकामे झाले, आणि २०२२ च्या जानेवारीत त्याला फोनवर विचारत विचारत मी ती परत भरली. दगड तेच, गच्चीवरचे. नळाखाली धुतले, ब्रशनं घासले, आत मांडले. अडीच वर्षं ऊन खाल्लेले दगड स्वच्छ नसतील तर काय, असा माझा हिशेब.

पहिले पंधरा दिवस काचेवर तपकिरी पावडर बसली. ती डायटम्स नावाच्या सूक्ष्म शेवाळाची, नव्या टाकीत येते आणि आपसूक जाते, तिचं काही नाही. मग एका दगडाच्या कडेला हिरवी लव दिसली. मला ती छान वाटली, खोटं कशाला सांगू. टाकीला जुनेपणा आल्यासारखं वाटलं. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्या लवेचे बोट-बोट लांब केस झाले. दुपारी दिवे पूर्ण तेजात असले की त्या केसांत प्राणवायूचे बारीक बुडबुडे अडकून चमकायचे, आणि बघायला आलेला माणूस म्हणायचा, वा! खाली झोअँथिड नावाचे मऊ प्रवाळ आहेत, शर्टाच्या बटणाएवढे, नारिंगी. त्यांच्यावर हे केस लोळायला लागले तशी एकेक बटणं मिटली. महिन्याभरात चाळीसातली नऊ उघडी राहिली. मी रोज मोजत होतो, सवय.

आता चौकटीतल्या उपायांकडे येतो. टाकीला चादरी गुंडाळून तीन दिवस काळोख केला. शेवाळ फिकटलं, थोडं गळलं, आणि गळलेलं तिथंच कुजलं. म्हणजे त्यानं जे शोषलं होतं ते पाण्यात परत. आठवड्यात पुन्हा हिरवं. काळोखाचा उपाय डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्म जीवांवर किंवा सायनोबॅक्टेरियाच्या लालसर थरावर बरा चालतो. केसाळ शेवाळ तेवढ्यानं मरत नाही.

गोळ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण लेखात गोळीचं नाव दिलंय आणि माप दिलेलं नाही. फ्लुकोनाझोल हे माणसाच्या बुरशीवरचं औषध. ते ब्रायोप्सिस नावाच्या शेवाळावर लागू पडतं हे खरं आहे; हौशी लोक लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम धरतात, त्या काळात स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि पाणी गाळणारा कोळसा बंद ठेवतात आणि दोन-तीन आठवडे वाट बघतात. पण प्रत्येक हिरवा केस ब्रायोप्सिस नसतो. एक काडी चिमट्यानं उपटून बशीत खाऱ्या पाण्यात पसरा आणि भिंगातून बघा. मधे कणा आणि दोन्ही बाजूंना पिसासारखे फाटे असतील तर ब्रायोप्सिस. नुसते सुटे, मऊ, एकसारखे धागे, पाण्याबाहेर काढले की ओल्या लोकरीसारखे लोळागोळा होणारे, तर बहुधा डर्बेशिया. फाटे आहेत पण धागा राठ, तारेसारखा, तर क्लॅडोफोरा. माझं यातल्या दुसऱ्या जातीचं, लोकरीसारखं होतं. हे मला गोळ्या टाकल्यावर कळलं, टाकण्याआधी नाही.

गोळ्या मिळाल्या कशा, तेही सांगतो. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं असतं. मी दुकानात गेलो, आठ गोळ्या मागितल्या, दुकानदारानं खालच्या आवाजात विचारलं, ‘काका, कुठं झालंय?’ मी म्हणालो, माशांना. त्यानं हसून दिल्या. गजकर्ण औषधांना दाद देत नाही म्हणून त्वचेचे डॉक्टर हात टेकतायत अशा दिवसांत बुरशीवरची औषधं अशी हातोहात मिळावीत आणि मग मोरीतून कृष्णेत जावीत, हे मलाच नंतर रुचलं नाही. बाकी परिणाम म्हणाल तर दहा-बारा दिवसांत शेवाळ विरळ झालं आणि दीड महिन्यात होतं तसं आलं.

पाणी बदलणं हा तिसरा उपाय. २२० लिटर समुद्राचं पाणी करायला आठ-साडेआठ किलो मीठ लागतं, लिटरला अडतीसेक ग्रॅम. ते स्वयंपाकातलं मीठ नव्हे (पाहुण्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, ‘आयोडीनवालं घालता का?’), त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं समुद्राच्या मापात असावं लागतं, आणि म्हणून ते महाग असतं. तर मी ते खर्चलं. पाणी नवं झालं, दगड जुनेच राहिले. तिसऱ्या दिवशी फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खतच, मोजलं तर होतं तिथं. जुन्या पाण्याच्या बादल्या कुठं ओतायच्या म्हणून त्यातल्या चार मागच्या परसात ओतल्या आणि सौ.चा सात वर्षांचा कढीपत्ता वाळला. मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड जमिनींबद्दल आयुष्यभर शेतकऱ्यांकडून ऐकलेल्या माणसानं हे करावं! त्या कढीपत्त्याचा विषय घरात अजून निघतो.

हे सगळं झाल्यावर एका रविवारी मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, खायला किती घालता?’

‘चिमूटभर.’

‘चिमटीचं वजन किती?’

संपादक महोदय, चौतीस वर्षांत पोतं काट्यावर चढल्याशिवाय मी कुणाची पट्टी केली नाही. आणि मला हे उत्तर येत नव्हतं.

ओळखीच्या सराफाकडून ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला. माझी चिमूट भरली ०.४ ग्रॅम. सकाळी मी दोन घालत होतो, म्हणजे ०.८. मग घरात चौकशी केली. दुपारी मी झोपलो की सौ. अर्धा चमचा घालत होत्या, ‘काचेशी येऊन तोंडाकडं बघत राहतात हो.’ अर्धा चमचा म्हणजे १.१ ग्रॅम. संध्याकाळी खालच्या भाडेकरूंचा सहा वर्षांचा मुलगा वर येतो, त्याला मीच एकदा परवानगी दिली होती आणि विसरलो होतो. त्याची मूठ ०.६. एकूण रोजचे अडीच ग्रॅम, आणि खाणारे कोण? बोटभर लांबीचे सात मासे.

आता आकडे. माशांच्या सुक्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. अडीच ग्रॅमला २५ मिलिग्रॅम. फॉस्फरसचं फॉस्फेट करायचं तर तीननं गुणायचं, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. ते २२० लिटरमध्ये वाटलं तर लिटरला ०.३४ मिलिग्रॅमची भर, आणि ही एका दिवसाची. प्रवाळाच्या टाकीत एकूण फॉस्फेट ०.१ च्या खाली ठेवावं असं सगळे सांगतात. खाद्यातलं थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं स्किमर बाहेर काढतो, बाकीचं राहतं.

आणि मी दोष देत होतो पाण्याला! तोवर मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरायचो. त्या यंत्रात पाण्याला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळं विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा ऐंशीच्या खाली येईना. मला वाटायचं चोर सापडला. एप्रिलच्या उन्हात टाकीतून रोज पाच लिटर पाणी उडून जातं, तेवढं रोज भरावं लागतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, त्यातलं बाकी सगळं मागं राहतं. विचार बरोबर होता. पण लिटरला ०.२ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे असं चढं माप धरलं तरी पाच लिटरचं होतं रोजचं एक मिलिग्रॅम. खाद्याचं पंचाहत्तर. पाण्यासाठी पुढं वेगळा आरओ आणि त्यामागं उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी बसवली, मीटर शून्य दाखवतो, ते केलंच पाहिजे. कच्च्या पाण्यातलं क्लोरीन आणि नायट्रेटही नकोच असतं. पण एकाचं खातं तपासताना पंचाहत्तरचं खातं उघडायचं राहून गेलं होतं.

घरात खाणं कमी करा म्हणून कुणी ऐकत नाही, माशांचं तर नाहीच. तोड सौ.नीच काढली. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असते ना, सोमवार ते रविवार सात कप्प्यांची, तसली एक जास्तीची होती. दर रविवारी मी काट्यावर ०.६ ग्रॅम मोजून एकेका कप्प्यात भरतो. ज्याला हौस असेल त्यानं त्या वारच्या कप्प्यातून घालावं. कप्पा रिकामा म्हणजे आज जेवणं झाली. भाडेकरूंचा मुलगा शनिवारी सकाळी सात वाजताच हजर असतो. मासे आजवर एकही उपाशी मेलेला नाही. उलट त्यातले क्रोमिस जातीचे मासे आता दगडांवर चोची मारत दिवसभर काहीबाही टिपत असतात, पूर्वी नुसते झाकणाखाली घोळका करून थांबायचे.

तर शेवाळ गेलं? नाही गेलं. वाढायचं थांबलं, जाईना. चाचणीत फॉस्फेट ०.०४ आलं तरी दगडावर केस तसेच. इथं एक फसवणूक आहे ती लेखकांनी सांगायला हवी होती. टाकीत शेवाळ माजलेलं असताना चाचणी कमी आकडा दाखवते, कारण पाण्यात आलेलं सगळं शेवाळच पिऊन टाकतं. दिवसाअखेर गल्ला रिकामा दिसला म्हणून दुकानात उलाढाल नाही असं म्हणता येत नाही.

मग येतं कुठून? पोती आठवली. मुलगा दिवाळीला आला होता, आम्ही दोघांनी मिळून अर्धे दगड बाहेर काढले. झाकणाच्या मोठ्या पिंपात खारं पाणी, आत एक पंप, प्रकाश अजिबात नाही. आठव्या दिवशी त्या पिंपातलं पाणी तपासलं. फॉस्फेटच्या चाचणीत पाणी निळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. टाकीच्या पाण्याची बाटली आभाळासारखी फिकी यायची. ही आली धोब्याच्या निळीसारखी. १.२ मिलिग्रॅम. खाद्याचा कण नाही, मासा नाही, प्रकाश नाही, आणि हा आकडा. चुनखडीचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतो. २०१९ ला जे त्याच्या भोकांत कुजलं होतं ते ऊन खाऊन वाळलं होतं, गेलं नव्हतं. वर माझ्या पाऊण वर्षाच्या अडीच-अडीच ग्रॅमांची भर. शेवाळाची मुळं जिथं रुतली होती तिथंच त्याचं कोठार होतं, मग पाण्यातला आकडा बघून काय उपयोग?

पिंपातलं पाणी दर आठवड्याला बदललं. आठ आठवड्यांनी चाचणी फिकी झाली. मग ते दगड आत, उरलेले अर्धे बाहेर. सगळे एकदम काढायचे नसतात. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जीवाणू दगडांतच राहतात, ते सगळे गेले तर टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. घाई असलेले लोक लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे वापरतात, गंजाच्या रंगाचे, फॉस्फेट त्यांना चिकटतं. मीही शेवटी थोडे वापरले. मात्र एकदम भरपूर टाकले तर आकडा झपकन खाली येतो आणि प्रवाळ रुसतात. अर्धं माप, आणि दर आठवड्याला चाचणी.

हातानं काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही. दगड टाकीतच घासू नका. तुटलेला प्रत्येक तुकडा दुसरीकडे जाऊन रुजतो. टाकीतलं पाणी बादलीत घ्यायचं, दगड त्यात बुडवून टूथब्रशनं केस उलट्या दिशेनं ओढायचे, मग दुसऱ्या बादलीत विसळून परत ठेवायचा. जो दगड निघत नाही त्याच्यासाठी सायफनच्या नळीच्या तोंडाला टूथब्रश दोऱ्यानं बांधायचा, घासलेलं तिथल्या तिथं नळीत ओढलं जातं. पहिल्या दिवशी पिळून वजन केलं तर १८० ग्रॅम भरलं. हा खरा खर्च, कारण शेवाळानं पोटात घेतलेलं सगळं त्याच्यासकट घराबाहेर गेलं. झोअँथिडच्या बुडाशी अडकलेल्या केसांना हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब लावतात, दगड पाण्याबाहेर धरून, मिनिटभर. तीन टक्क्यांचं हवं. आपल्याकडं औषधाच्या दुकानात बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं ते सहा टक्के. मी न वाचता लावलं, आणि लावून दगड न विसळता आत ठेवला. नऊपैकी तीन बटणं कायमची मिटली आणि दुसऱ्या दिवशी क्लीनर झिंगाही गेला.

खाणारे प्राणी हवेत, हे लेखात एका ओळीत आलंय आणि ते बरोबर आहे. पण क्रम महत्त्वाचा. टर्बो गोगलगायी बोटभर लांब केसांना तोंड लावत नाहीत. आधी तुम्ही कापायचं, मग खुरटं त्या खातात. माझ्या सहा गोगलगायी आणि एक लॉनमोअर ब्लेनी मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आले, थर्मोकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. ब्लेनी म्हणजे बेडकाच्या तोंडाचा मासा, डोळे वर, कायम कुणावर तरी नाराज. सी हेअर नावाचा गोगलगायीचा मोठा भाऊबंद शेवाळाचा सपाट्यानं फडशा पाडतो म्हणतात, पण शेवाळ संपलं की तो उपाशी मरतो आणि मरताना पाणी नासवू शकतो, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

या चरणाऱ्यांची किंमत मला मुलानं सांगितलेल्या एका गोष्टीनं पटली. कॅरिबियन समुद्रात लांब काळ्या काट्यांचे डायडेमा नावाचे समुद्री अर्चिन दगडांवरचं शेवाळ चरायचे. शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच बरेच मारून संपवले होते, सगळा भार या एकट्यावर. १९८३ मध्ये पनामाच्या बाजूनं एक रोग पसरला आणि वर्षभरात नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. जमैकाच्या खडकांवर सत्तरच्या दशकाच्या शेवटी निम्म्याहून जास्त जागा जिवंत प्रवाळांची होती, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांहून कमी उरली. चक्रीवादळंही झाली मधे, पण मोकळ्या जागेत परत प्रवाळ रुजण्याऐवजी शेवाळ बसलं, कारण चरणारं कुणी नव्हतं. माझी माडी आणि जमैका यांत फरक आहे हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून मी ब्लेनीला नावं ठेवायचं बंद केलं.

सम्पमध्ये केटोमॉर्फा वाढवतो. तेही शेवाळच, पण मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या गुंत्यासारखं, दगडाला न चिकटणारं. वरचे दिवे बंद झाले की त्याचा दिवा लागतो. पंधरा दिवसांनी मूठभर उपटून फेकायचं. स्किमरच्या पेल्यात जमणारं कडक चहाच्या रंगाचं पाणी दर तिसऱ्या दिवशी ओततो, खारं पाणी आता फक्त मोरीत. वरच्या दिव्याचे तास अकरावरून सात केले, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. एवढं सगळं मिळून २०२४ चा गुढीपाडवा उजाडला तेव्हा दगड जांभळट दिसायला लागले होते, कोरलाइन नावाच्या कठीण, हव्याशा शेवाळाच्या थरानं. चाळीस बटणांची आता बावन्न झालीत.

आयर्विन पुलावरून उन्हाळ्यात खाली बघतो तेव्हा जलपर्णी दिसते आणि मला माझा ०.८ अधिक १.१ अधिक ०.६ आठवतो. ती काढायला माणसं लावतात, काढायलाच हवी. पण गावाचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरी नाल्याचं दुखणं सांगलीकराला नव्यानं सांगायला नको, आणि वरच्या अंगाला उसाच्या फडात पडणारी खताची पोती कुणी काट्यावर घातलीत का, हेही मला ठाऊक नाही. आपल्या वार्ताहरांनी कधी घालून बघावीत.

एक कायद्याची गोष्ट राहिली. लेखासोबतच्या फोटोत फांद्यांचे कठीण प्रवाळ आहेत. आपल्या समुद्रातले कठीण, खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरी आणणं गुन्हा आहे. माझ्याकडं झोअँथिड, मश्रूम, लेदर, असे मऊच आहेत. आमचे एक पाहुणे मालवणला निघाले होते, ‘येताना दोन दगड आणू का?’ म्हणाले. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मला दगड फुकट नको आहेत म्हणून मी कारणं सांगतोय.

तरी पुढच्या रविवारी चौकटीखाली दुरुस्तीच्या दोन ओळी याव्यात: गोळ्या आपल्या मनानं टाकू नयेत, आणि टाकीचं पाणी बदलण्याआधी खाद्य तोलावं.

माझ्या टाकीतलं शेवाळ संपूर्ण गेलेलं नाही. पाणी खाली सम्पमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या जाळीपाशी, जिथं प्रवाह थेट आदळतो, तिथं करंगळीच्या पेराएवढा एक झुपका आहे. सकाळी दिवे लागले की ब्लेनी तिथं जाऊन चरतो आणि मी त्याला हात लावत नाही. कुणाला केटोमॉर्फा लावायचं असेल तर मुठीनं देईन, पैसे नकोत, पत्ता आपल्याकडं दिलेलाच आहे. संध्याकाळी सहानंतर यावं, येताना पिशवी आणावी, आणि सात कप्प्यांच्या डबीला हात लावू नये.

आपला,
एक नियमित वाचक
गावभाग, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)